साडूंचा फळा

जगातला एकही दिवस बिननावाचा जाऊ द्यायचा नाही, असा विडा आमच्या साडूंनी एकट्याने उचलला होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान लातूरला क्लासेसच्या गल्लीत राहत. दाराशेजारी एक फळा. सकाळी पेपर वाचून त्यावर खडूने लिहायचं, 'आज जागतिक अमुक दिन', आणि तो दिवस अख्ख्या गल्लीकडून पाळून घ्यायचा. दिवस मावळला की ओल्या फडक्याने फळा पुसलाच. तंबाखूविरोधी दिनाला त्यांनी रिक्षावाल्यांच्या पुड्या सकाळीच जमा करून घेतल्या आणि संध्याकाळी फळा पुसून ज्याच्या त्याला इमानदारीने परत केल्या. चिमणी दिनाला अंगणात कणी टाकली, तर डाळमिलवरची कबुतरं उतरली. साडू दिवसभर काठी घेऊन उभे. "तुमचा न्हाई आज! हटा!" मी एकदा पाहुणा म्हणून गेलो, तर दारातच विचारलं, "साडूभाऊ, आज कोणता दिवस?"

"मंगळवार."

"मंगळवार तर गाढवाला बी कळतंय!"

अशा माणसाकडे मी माझा मुलगा ठेवला होता, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी. दिवाळीपासून तो फोनवर एकच विचारायचा, "पप्पा, चार दिवस घरी उमरीला येऊ का?" आणि मी म्हणायचो, "परीक्षा झाल्यावर." तो जेवत नाही, हे साडूंनी सांगितलं, तेही मी कानाआड केलं.

मग एका सकाळी साडूंचा फोन. "उद्या या. उद्या दिवस हाय."

"कसला?"

"आल्यावर वाचा."

गेलो. फळ्यावर लिहिलं होतं, 'आज बापाने लेकराजवळ बसण्याचा दिवस'.

"असा दिवस जगात कुठंच नाही," मी म्हणालो.

"न्हाई ना? म्हणून तर लिवला. बसा."

मुलगा आत भिंतीला टेकून बसला होता. समजावणीची सगळी वाक्यं मी एसटीत पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. शेजारी नुसता बसलो. बऱ्याच वेळाने तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेला. दुपारी क्लासची वेळ झाली तसा मी चुळबुळलो. दारातून साडूंनी काठी दाखवली. कबुतरांचीच ती.

संध्याकाळी आम्ही उमरीला निघालो, दोघंही. पिशवी भरता भरता मी विचारलं, "हे दिवसांचं वेड लागलं कुठून तुम्हाला?"

त्र्याण्णवच्या भूकंपात साडूंचं गावाकडचं घर पडलं आणि आत झोपलेला मुलगा गेला, एवढं मला ठाऊक होतं. ते त्याबद्दल कधी बोलत नसत.

"पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो तवा समदे दिवस सारकेच," ते म्हणाले. "नाव दिलं की दिवस ढकलता येतो." मग फळ्याकडे बघत, "ह्योच एक माझ्याकडून पाळायचा ऱ्हायला."

रिक्षा आली तेव्हा अंधारलं होतं. साडूंनी सवयीने फडकं ओलं केलं, फळ्यापर्यंत गेले, आणि ते तसंच ओलं खांद्यावर टाकून परत फिरले.

"बसा रिक्षात," म्हणाले. "दिवस चालू हाय अजून."