दोन मोटरी, एक नंबर

आमच्या माहेरच्या माणसांच्या तोंडात तीळ भिजत नाही. अमडापुरात सकाळी कोणाची म्हैस व्याली की दुपारच्या आत मला इथे धाडला फोन. अशा घरातली माझी भाची राखी नोकरीला लागली ती कुठे, तर जिथे तोंड मिटून बसायचाच पगार मिळतो तिथे.

चिखलीच्या बाहेर एक छोटा कारखाना आहे. शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद करायचे डबे तिथे तयार होतात. पूर्वी अशा डब्यात आपलं सिमकार्ड घालावं लागायचं. आता सिम म्हणजे बोर्डावर डाख देऊन बसवलेली इवलीशी चिप. ती कोरी येते. तिच्यात मोबाइल कंपनीचा नंबर आणि त्या नंबराची गुप्त किल्ली भरायची, त्याला ते लोक प्रोफाइल म्हणतात. हे भरायचं काम राखीचं.

त्याची खोली वेगळी, कायम बंद. फोन बाहेर ठेवायचा, अंगात बिनखिशाचा कोट घालायचा आणि दार उघडायला दोघांची कार्डं लागतात, म्हणजे एकट्याने कोणी आत शिरू नये. कंपनीकडून प्रोफाइल कुलूपबंद येतं आणि ते कुलूप त्या चिपच्या पोटात गेल्यावरच उघडतं. मशीन आधी चिप खरी आहे का ते तपासतं, मग प्रोफाइल भरतं, मग हे खर्ची पडलं म्हणून कंपनीला कळवतं. किल्ली राखीलासुद्धा दिसत नाही. भरताना मध्येच वीज गेली तर चिपही मोडीत आणि प्रोफाइलही रद्द. राखीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण वच्छला, शेजारणींना सांगते की आमची राखी चिपला नंबराचं इंजेक्शन देते. मी तिला सुधारायचं सोडून दिलं आहे.

आता आमचा भाऊ पंजाबराव. राखीचा बाप ती लहान असतानाच गेला. तिला मोटारसायकलवर बसवून चिखलीच्या शाळेत पोचवण्यापासून डिप्लोमा होईपर्यंत सगळं या मामाने केलं. माणूस सोन्याचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या मोटरी दोन, एक विहिरीवर आणि एक बोअरवर. राखीचं लग्न ठरलं त्याच सुमारास त्याला दोन डबे बसवायची हौस आली. त्याने भाचीला फर्मान सोडलं की दोन्हींत एकच नंबर भरून दे. एका हाकेला जोडीचे दोन्ही बैल वळतात, मग एका फोनवर दोन्ही मोटरी का चालू होऊ नयेत? जन्मभर बैल हाकलेल्या माणसाला यात वावगं काहीच वाटत नव्हतं.

राखीने परोपरीने समजावलं. एक नंबर दोन चिपांत गेला तर दोन्ही डबे एकमेकांच्या पायात पाय घालतील, त्यापेक्षा दोन नंबर घ्या, मी तुम्हाला फोनमध्ये लावून देते. पंजाबराव ऐकेना. होत नाही की करत नाही, एवढं सांग, म्हणाला. त्यावर राखी शांतपणे बोलली.

"मशीन करूच देत नाही, मामा. पण करू दिलं असतं तरी मी केलं नसतं. उद्या तुमच्या नंबराचं जुळं कोणी करून घेतलं तं तुमच्या डब्याले येणारी हाक त्याच्या डब्याले जाईन. नवरदेवाकडली उष्टी हळद एकाच पोरीले लागते ना?"

केळवणाची पंगत बसलेली. सगळे खो-खो हसले आणि तिथेच घात झाला. पंजाबराव ताटावरून उठला.

"मांडवात येईन मी," तो म्हणाला, "पण तुया मांगं उभा राहणार नाही."

मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो. बाप नसलेल्या पोरीला त्या जागेचं काय मोल, हे माझ्या भावाला कळत नव्हतं असं नाही. रुसवा एकदा घेतला की तो उतरवायची शिडी त्याच्याकडे नसते. मी त्याला फोनवर चांगलं फैलावर घेतलं, तर त्याने फोनच बंद करून टाकला. राखी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, पण नंबर भरून देते असं काही म्हणाली नाही. मला तिचा राग आला आणि तेवढंच कौतुकही वाटलं.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला. वधूचे मामा असतील तिथून यावे, असा स्पीकरवर पुकारा झाला. वधूचे मामा भट्टीपाशी आचाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून बुंदी बघत होते. मुहूर्त टळायला लागला तशी माणसांची चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी आमच्या चुलतभावाला, भाऊरावला, पुढे ढकललं. मामा तो मामाच, असं म्हणत तोही टोपी सारखी करून राखीच्या मागे जाऊन उभा राहिला.

राखी वळली. हळूच बोलली, पण मंगलाष्टकं म्हणणाऱ्या महाराजांचा माईक चालू होता, ते पार भट्टीपर्यंत ऐकू गेलं.

"भाऊमामा, तुमी बसा. या जागेवर दुसरं कोणी चालत नाही. मामा येईपर्यंत मी उभी हाये."

मला रडू आवरेना. भट्टीकडून दुपट्ट्याला हात पुसत पंजाबराव येताना दिसला. कोणाच्या तोंडाकडे न बघता तो सरळ राखीच्या मागे गेला, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि महाराजांवरच खेकसला.

"चालू करा ना, महाराज. पोरगी कवाची उभी हाय."