पुढच्या चाकाची थरथर

टायरवाल्याच्या दुकानात मी जात नाही, कारण तिथे चार जण उभे असतात आणि चौघांनाही बोलायचं असतं. "मॅडम, भावाला पाठवा ना." यावर काय म्हणायचं ते मला घरी आल्यावर सुचतं. म्हणून माझ्या सेकंडहँड मोटरसायकलचा पुढचा टायर मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायचं ठरवलं.

जुना टायर पार गुळगुळीत झाला होता. गेटजवळच्या पेव्हर ब्लॉकवर मी एकदा घसरले, गुडघा सोलवटला, आणि तेव्हापासून बाबांना ती बाईक डोळ्यांसमोर नको होती. शेवटी म्हणाले, "नवा टायर घाल. मग मी तुझ्या मागे बसून एकदा हायवेवर येतो. बरं वाटलं तर ठेव. नाहीतर विकून टाकू." बाबा कमी बोलतात आणि बोललेलं मागे घेत नाहीत. बाईक माझ्या पगारातून घेतलेली आहे हा मुद्दा मी मनात बऱ्याचदा मांडला, तोंडाने एकदाही नाही.

अंधेरीच्या ऑफिसला जाता-येतानाचा वेळ हाच दिवसातला माझा एकटीचा वेळ होता. हेल्मेट घातलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी चाक काढलं. साबणाचं पाणी, टायर उचकटायला दोन लोखंडी पट्ट्या, दोन्ही गुडघे टायरवर. नवा टायर रिममध्ये शिरेपर्यंत माझे अंगठे कामातून गेले होते. मग चाक मांडीवर घेऊन रिक्षाने पेट्रोल पंपावर गेले. हवा भरताना टायरची कड 'धाड' आवाज करून जागेवर बसली, तेव्हा हवावाला दचकला आणि मी हसले.

राहिलं बॅलन्सिंग. सारख्या उंचीचे दोन स्टूल, मध्ये एक्सलच्या दांड्यावर टांगलेलं चाक. हलकेच फिरवून सोडायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर, रिमवर, शिशाचे छोटे काळे तुकडे चिकटवायचे. हलक्या बाजूचं वजन वाढतं आणि चाक समतोल होतं. ते तुकडे सगळे जवळजवळ लागले, थोडे वाकडे, एखाद्या मुलाने स्टिकर लावावेत तसे. पण चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबत होतं. मी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. इतकं समाधान मला ऑफिसात कधी मिळालेलं नाही.

दसऱ्याला मी उठेपर्यंत आई खाली जाऊन बाईक धुऊन आली होती. आमच्याकडे त्या दिवशी मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. बाईक ठेवायची की नाही या वादात एकटी आई माझ्या बाजूने होती, त्यामुळे पूजा जरा जास्तच साग्रसंगीत झाली. हँडलला झेंडू, टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. मग मी आणि बाबा निघालो.

चाळीसपर्यंत सगळं छान होतं. पन्नासला हँडल गुणगुणल्यासारखं झालं. साठला आरशातला मागचा ट्रक विरघळून गेला, आणि थरथर माझ्या कोपरांतून दातांपर्यंत आली. बाबांचा हात खांद्यावर पडला.

"बाजूला घे."

घेतली.

"हे असंच असतं का?"

"नाही बाबा. काहीतरी..."

"काय?"

"माहीत नाही."

ते परत येताना मागेच बसले, पण मी तिसाच्या वर गेले नाही. सोसायटीत सेक्रेटरीकाका आपट्याची पानं वाटत होते. माझ्या हातावर पान ठेवत म्हणाले, "सोनं घे गं. आणि चेहरा असा का? गाडी पडली की काय?"

"हँडल थरथरतंय," बाबा म्हणाले.

"बेअरिंग! गेलं ते. वाट लागली. अरे, हे काय पोरींचं काम आहे का? माझा भाचा आहे दहिसरला, त्याला गाड्यांचं वेड आहे. त्याला देऊन टाका, तो बघून घेईल."

"दिवाळीपर्यंत बघू," बाबा म्हणाले. मला नाही, काकांना.

मग सुरू झालं ते मला नीट सांगताही येत नाही. हवा कमी केली, वाढवली. एक्सलचा नट सोडून पुन्हा आवळला. बाईक डबल स्टँडवर लावून पुढचं चाक हाताने हलवून बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का पाहिलं, नव्हती. इंग्रजीतले कितीतरी व्हिडिओ पाहिले. त्यातली माणसं मोठ्या स्वच्छ गॅरेजमध्ये उभी राहून सांगायची की घाबरू नका, एकेक शक्यता बाद करत चला. मी बाद करत होते. प्रत्येक वेळी हायवेवर जायचं, पन्नासपर्यंत श्वास रोखून धरायचा, आणि थरथर परत यायची. एकदा भांडुपच्या पुढे बाईक कडेला लावून मी हेल्मेटच्या आत रडले. त्याचा एक फायदा आहे, दिसत नाही.

चाक पुन्हा काढायचं मात्र मी टाळत होते. बॅलन्सिंग एवढं तपासलं होतं की तिथे संशयाला जागाच नाही, असं मला वाटायचं.

शेवटी काढलं. स्टुलांवर टांगलं, सोडलं, आणि ते गर्रकन फिरून एका बाजूला लटकलं. रिमवर तुकडे सगळे होते. पण ते आता एकत्र नव्हते. रिमभर, समान अंतरावर, अगदी सरळ बसवलेले होते. कडेला सुकलेला फेव्हिक्विक चमकत होता.

वर गेले. आई पोहे निवडत होती, बाबा पेपर वाचत होते.

"आई, चाकावरचे काळे तुकडे तू हलवलेस?"

"हो गं! दसऱ्याला धुताना. एकाच जागी कोंबून ठेवले होतेस, वाकडेतिकडे. उलथन्याने अलगद काढले आणि छान गोल लावले. दिसतंय ना आता बरं?"

मला हसू आलं, सुटल्यासारखं वाटलं. मी बाबांकडे वळून सगळं सांगितलं. ते वजन कशासाठी असतं, का थरथर होत होती, अर्ध्या तासात कसं ठीक होईल. इतकं सलग मी त्यांच्याशी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. आईचा पोहे निवडणारा हात थांबला होता.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे तो एवढासा तुकडा जागेवरून हलला, की तुझं हँडल हातात राहत नाही?"

"तसं नाही..."

"तुझ्या आईने उलथन्याने काढला. उद्या खड्ड्यात आपोआप निघाला तर?"

"निघत नाही बाबा, नीट चिकटवलं तर..."

"तूच चिकटवला होतास ना नीट?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. कारण सापडलं की बाईक वाचेल असं मी धरून चालले होते. कारणानेच तिचा निकाल लावला. आई म्हणाली, "अहो, चूक माझी आहे, तिची नाही," आणि त्याने काही फरक पडला नाही.

"मी काकांना हो म्हटलंय," बाबा म्हणाले. "रविवारी त्यांचा भाचा येतोय."

तरी मी ते तुकडे काढले, रिम घासली आणि नवे लावले, जवळजवळ, जड बाजूच्या समोर. हायवेवर सत्तरला आरशातला टँकर स्पष्ट दिसत होता, त्याच्यावरच्या अक्षरांसकट. बाबांना म्हटलं, एकदा बसून बघा. "बसलो की एकदा," ते म्हणाले.

रविवारी भाचा आला. एक चक्कर मारून आला आणि हेल्मेट काढता काढता म्हणाला, "काका, झकास! हात सोडले तरी सरळ जाते. पुढचा टायर कुठे बसवला?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात बाबा म्हणाले, "घरीच. मुलीने बसवला. बॅलन्सिंगपण तिनेच केलं, स्टुलांवर."

"काय सांगता!" तो माझ्याकडे वळला. "यार, मागचापण घासलाय. मी गाडी नेण्याआधी तोही बदलून देशील का? टायर मी आणतो."

"देईल की," बाबा म्हणाले. "त्यात काय."

मी मान डोलावली.