बटणांच्या पोत्यातला डबा

शिवणकारखान्यात काजबटण करणाऱ्या ताईला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. मशीनवर बसली की दिवसभर ब्र काढायची नाही. पण महिन्यातून एकदा अर्धी रजा टाकून ती शाळांमध्ये बोलायला जायची. कारखान्यात मात्र तिने दाताच्या डॉक्टरांचं कारण सांगून ठेवलं होतं. इतके दात कुणाला असतात, असं तिथे कुणी विचारलं नाही हे नशीब.

एचआयव्हीची माहिती देत फिरणाऱ्या एक समुपदेशक बाई तिला सोबत नेत. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही, हे बाई फळ्यावर लिहीत आणि मुलं जांभया देत. मग ताई उठून धाकट्या बहिणीची गोष्ट सांगे आणि जांभया थांबत. वडील हा आजार घरात ठेवून गेले. तो आईला झाला आणि आईकडून जन्मतःच धाकटीला. ताई त्याआधीची, म्हणून सुटली. रोज गोळी घेतली तर माणूस खुशाल म्हातारं होतं, आई म्हातारी होतेच आहे. धाकटीने गोळ्या सोडल्या, तिला क्षय झाला आणि सोळाव्या वर्षी ती गेली. हे ताईने तेवीस शाळांत सांगितलं होतं. कुठल्या वाक्याला डोळ्यांत पाणी येणार तेही तिला पाठ झालं होतं आणि त्याची तिला लाज वाटायची.

चोविसाव्या शाळेत आई बरोबर आली. ती एका दवाखान्यात झाडलोट करायची, त्या दिवशी तिला सुट्टी होती. "एकदा ऐकते तरी काय सांगतेस ते," म्हणाली. ताईला नको म्हणायला कारण सुचेना. आई शेवटच्या बाकावर दप्तरं सरकवून बसली.

गोष्ट संपली. एरवी मुलं डास चावला तर काय, एका ताटात जेवलं तर काय, असलं विचारत. आज दुसऱ्या बाकावरची एक चष्मेवाली उठली. "रोज घ्यायची होती ना? मग पहिल्यांदा चुकली ती कशामुळे?"

'कंटाळली' एवढं म्हणून भागलं असतं. खरं सांगितलं तर जगात उरलेलं एकुलतं एक माणूस आपलं तोंड बघणार नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. आई आपल्या हातांकडे बघत होती. चष्मेवाली अजून उभीच होती, धाकटीच्याच वयाची.

"मी लपवली होती," ताई म्हणाली. "आत्या नऊ दिवस राहायला आली होती. तिला कळलं असतं तर सगळ्या नातेवाईकांत झालं असतं. आईच्या गोळ्या तिच्या कामावर असायच्या. धाकटीच्या गोळ्यांचा डबा घरात. वाजू नये म्हणून आम्ही त्यात कापूस घालायचो, तरी मला भरवसा वाटेना. बटणं लावायचं काम मी घरीही आणायचे. त्या बटणांच्या पोत्यात डबा खाली खुपसला. तिथे वाजला तरी कुणाला कळणार? पहिल्या दिवशी तिने गोळी मागितली. म्हटलं, आत्या जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मागितली. मग मागायची थांबली. नंतर डबा दिला तर हसली. म्हणाली, नऊ दिवस नाही घेतली, काय झालं मला? पुढे वर्षभर गोळी तोंडात धरायची आणि मोरीत थुंकायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा कळलं."

चष्मेवाली हळूच खाली बसली. समुपदेशक बाई पुसलेला फळा पुन्हा पुसू लागल्या.

फाटकापर्यंत आई चार पावलं पुढेच चालत राहिली. ताईला ते सहन होईना.

"आई, काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर."

आईने वाकून चपलेचा पट्टा सारखा केला. उठायला तिला वेळ लागला.

"तिसऱ्या दिवशी मला कामाच्या कोटाला एक बटण हवं होतं," ती म्हणाली. "पोत्यात हात घातला, तर डबा लागला."

"मग?"

"वरून बटणं सारखी केली. वन्सं समोरच बसल्या होत्या." आई रस्त्याकडे बघत होती. "मग कामावर गेले आणि माझी गोळी घेतली."