मोरीनच्या हाताखालची मुलं

मोरीन फीअरनच्या हाताखालचं पोर नापास झालं, असं सॉल्टरबीत कुणी ऐकलं नव्हतं. शाळेची शेवटची दोन वर्षं, म्हणजे सिक्स्थ फॉर्म, तिच्या ताब्यात असायची. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. बंदर ओस पडलेल्या आमच्या गावातली पोरं विद्यापीठात पोचवायची, हा एकच ध्यास. मी तिथंच रसायनशास्त्र शिकवायचो. आमची टेबलं एकाच खोलीत होती, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर चालायचं.

हजेरीला कुणी दिसलं नाही की ती स्वतः फोन लावायची. "उठा राजे, दुपार व्हायला आली!" निबंध ती पुन्हा पुन्हा तपासून द्यायची, इतक्यांदा की शेवटी त्यात पोराचं वाक्य किती उरायचं देव जाणे. मोकळ्या तासाला कुणी काय वाचायचं तेही तीच ठरवायची. पास्ता कसा उकडायचा, पांढरे कपडे रंगीत कपड्यांत धुवायला का घालायचे नाहीत, सगळं शिकवायची. पोरं हसायची, पण ऐकायची.

इवन टिनियन तिचा विशेष लाडका. बाप नव्हता, आई डॉन वृद्धाश्रमात कामाला. उंच, अबोल, सांगितलेलं काम चोख करणारा मुलगा. त्याच्या शेवटच्या वर्षी, वसंतात, मोरीन तापानं घरी होती. मोकळ्या तासाला इवन ग्रंथालयाच्या दारात उभा दिसला.

"काय रे, आत का जात नाहीस?"

"मिस आल्या नाहीत, सर. मग मी काय वाचू?"

मला हसू आलं. तास संपल्यावर परत आलो, तर तो तसाच उभा. या खेपेला हसू आलं नाही.

मोरीन कामावर आल्यावर मी म्हटलं, "जरा सैल सोड त्यांना. धडपडू देत थोडी."

"तू तुझी ॲसिडं सांभाळ, ग्रॅहम," ती म्हणाली. "खाली गादी असलेल्यांनी धडपडावं. आपल्या पोरांना दुसऱ्यांदा दार कोण उघडतंय?"

तेही खोटं नव्हतं.

ऑगस्टमध्ये इवनचा निकाल फार चांगला लागला. डॉन केक घेऊन आली आणि मोरीनच्या गळ्यात पडून रडली. पानगळ सुरू झाली तसा तो डोंगरापलीकडच्या शहरात राहायला गेला. मोरीन त्याला फोन करत नव्हती. म्हणायची, "मोठा झालाय आता. माझं काम संपलं."

नोव्हेंबरमध्ये डॉन कामाच्या कपड्यांतच शाळेत आली. बसलीसुद्धा नाही.

"मिस, तुमचा फोन उचलतोय का बघा ना. आधी रोज 'मजेत आहे' एवढंच लिहायचा. आता तेही नाही."

मोरीननं फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. विद्यापीठाच्या कचेरीतून उत्तर आलं की विद्यार्थी सज्ञान आहे, त्याच्याबद्दल काही सांगता येणार नाही. मोरीननं कोट चढवला. मी गाडी काढली.

घाटात दाट धुकं होतं. मागच्या सीटवर डॉन एकदाच बोलली, "जेवत तरी असेल ना?" वर्गभर घुमणारी मोरीन खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुलं हसत-खिदळत होती. मी इवनची खोली विचारली. एक मुलगी बोट दाखवून म्हणाली, "शेवटची ना? पण ती रिकामी आहे."

डॉन धावली. दार वाजवलं, हाका मारल्या. आतून काही नाही. रखवालदार किल्ली घेऊन येईपर्यंत ती कपाळ दाराला टेकून उभी होती.

आत पडदे ओढलेले, कोंदट वास. इवन कोट घालून पलंगावर बसला होता. जिवंत होता. गाल खोल गेले होते. डॉननं त्याला घट्ट धरलं, पण तो तिच्या खांद्यावरून मोरीनकडे बघत होता.

"पहिल्याच आठवड्यात एक तास बुडला, मिस," तो म्हणाला. आवाज वापरात नसल्यासारखा येत होता. "वाटलं, कुणीतरी विचारेल. कुणी विचारलंच नाही. मग दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली. मग रोजच."

मोरीननं पुढं होऊन पडदे बाजूला सारले.

आम्ही त्याला घरी आणलं. डॉक्टर झाले, औषधं झाली. तो हिवाळा त्यानं घरातच काढला.

मोरीननं सकाळचे फोन बंद केले. मोकळे तास मोकळे ठेवले. निबंध एकदाच तपासायची. "पुढचं तू ठरव. अडलास तर ये, बोलू," म्हणायची. काही पोरं फुलली. काही नुसती झोपली. त्या वर्षी दोघं नापास झाली आणि पालक भांडायला आले.

"आमच्याच मुलावर हा प्रयोग का?" एक बाप ओरडला.

मोरीननं ऐकून घेतलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "त्याचंही बरोबर आहे रे. आधी जे करत होते ते चुकलं. आताचं बरोबर आहे का, ते कुणी सांगावं?"

पुढच्या शरदात इवन पुन्हा शिकायला लागला, जवळच्याच कॉलेजात, घरून बसनं जाऊन-येऊन. डॉननं सकाळची पाळी सोडली. ती त्याला उठवत नाही. तसं दोघांचं ठरलंय. चहाचा पेला घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसते आणि वर पावलं वाजतात का ते ऐकते. बहुतेक दिवशी वाजतात.