तुळजारामानं लेकीसाठी केलेलं मंगलाष्टक

हुलसूरच्या तुळजारामाशिवाय त्या भागात लग्न लागत नसे म्हणा ना. आवाज खणखणीत, आणि मंगलाष्टकं स्वतः रचलेली. निजामी शाळेत तो उर्दू शिकला, मराठी अक्षरं भजनाच्या पोथीतून उचलली. रचलेली म्हणजे काय, तर गंगा-यमुना, चंद्र-सूर्य, हिरे-माणकं सगळं एकदाच बांधून ठेवलेलं. लग्नागणिक नवरा-नवरीचं नाव तेवढं बदलायचं. एकदा जनवाडा गावात मागच्याच लग्नातल्या नवरीचं नाव म्हणून मोकळा झाला! वऱ्हाडी हसून लोळले, याला काही वाटलं नाही. काळीज घरी ठेवून लग्नाला जाणारा गडी.

मग त्याच्याच लेकीचं, रेणुकाचं लग्न ठरलं, पार गाणगापूरच्या पलीकडं. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेकच.

"अप्पा, मला येवढ्या लांब कामून देताव?" तिनं विचारलं.

तिचं लांब जाणं त्यालाही सोसवत नव्हतं, पण बाप्यानं रडायचं नसतं. म्हणाला, "लेक परक्याचं धन. आज न्हाई उद्या जायचंच."

त्या दिवसापासून रेणुका ताट वाढी, पाणी देई, पण बोलेना. आपण बापाला नकोशा होतो असं समजूनच पोर जाणार, या विचारानं तुळजाराम आतून पोखरून गेला. तरी तोंड उघडेना.

लग्नात अंतरपाट धरला आणि तो सवयीनं गंगा-यमुनेपासून सुरू झाला. लेकीच्या नावापाशी आला आणि अडला. अक्षता लोकांच्या मुठीत तशाच. नवऱ्याचे चुलते अंकुशराव कातावले, "मुहूर्त टळायलाय, पुढं म्हणा!"

पुढचं काही आठवेना. मग त्याच चालीवर तो तोंडाला येईल ते म्हणू लागला. रेणुके, तुला लांब देताना माझी छाती फुटायलीय. परक्याचं धन म्हणलो ते खोटं. उद्या घरात मी हाक कुणाला मारू? यमक जुळलं नाही, आवाज फाटला, तो थांबला.

"म्हणा की अप्पा, थांबलाव कामून?" रेणुका रडत मोठ्यानं म्हणाली. "मी आयकायलेय."

तुळजारामाच्या छातीवरची धोंड उतरली. भर मांडवात तो ढसाढसा रडला, मग हसला, आणि शेवटचं "सावधान" असं म्हणाला की बाहेरची बैलं बुजली.

पुढं लोक तेच मंगलाष्टक मागू लागले.

"ते रेणुकाचं हाय," तो म्हणे. "तुमच्या लेकीसाठी पोटात काय हाय ते सांगा, नवं करतो."

काही बाप चिडत, काही नुसतेच खाकरत. तुळजाराम तंबाखू मळत समोर बसे आणि बापाच्या तोंडून पहिला शब्द फुटेपर्यंत उठत नसे.