तिसरा पुकारा

सोलापूरच्या कोर्टात पुकारा करणारे एक शिपाईमामा होते. नवऱ्याच्या माराला कंटाळून मी माहेरी परतले, काडीमोडाचा दावा लावला आणि दर तारखेला सांगोल्याहून एकटीच यायची. तीन पुकाऱ्यांत बाई आली नाही, तर दावा काढून टाकत. मामा दोनदा भराभर ओरडायचे. तिसऱ्या वेळी मात्र डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधायला घ्यायचे, नजर फाटकाकडे.

एकदा माझी गाडी चुकली. धापा टाकत पोचले, तेव्हा त्यांचा पटका अर्धाच बांधून झाला होता.

"सावकाश ये की पोरी, तिसरा पुकारा अजून केला न्हाय."

मग मी समोर उभी असतानाच त्यांनी माझं नाव खणखणीत पुकारलं. माहेरी आल्यापासून घरात ते कुणी घेतलं नव्हतं.