एक दिवस आधीचा फोन

भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा लोणावळ्यातल्या माझ्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. मळवलीहून भाऊंच्या शेजारणीचा फोन आला. शटर तसंच खाली ओढलं आणि स्कूटर काढली. अंगणात माणसं जमली होती. बाहेरच्या खोलीत भाऊ निजल्यासारखे... शांतामावशी, म्हणजे भाऊंची बायको, भिंतीला टेकून बसलेली. शेजारच्या टेबलावर भाऊंचा लॅपटॉप चालूच होता, बंद करायचं कुणाला सुचणार? माझा धंदाच कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीचा, त्यामुळे सवयीनं नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे आदल्या दिवसाची तारीख होती. त्या यंत्राच्या हिशेबानं भाऊ अजून जिवंत होते. तोवर मी स्वतःला सावरून धरलं होतं, ती तारीख बघितली आणि मला रडू आवरेना.

ती तारीख चुकलेली नव्हती, हे आधी सांगते. भाऊ मळवलीतल्या एका बंगल्याची राखण करायचे. मालक अमेरिकेत. त्यांनीच आपला जुना लॅपटॉप भाऊंना दिलेला, आणि त्यावरचं घड्याळ भाऊंनी हट्टानं अमेरिकेच्याच वेळेवर ठेवलेलं. "सायेब झोपल्यात का जागं हायती, ते दर बारीला बोटं मोजत बसू व्हय? कोपऱ्यात बघायचं. तिकडं उजाडलं आसलं की फोन लावायचा." फोनचं घड्याळ मात्र आपलं, मळवलीचं.

आमची ओळख झाली ती त्यांच्या तक्रारीतून. एका दुपारी पिशवीतून फोन आणि लॅपटॉप काढून त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवले. "पोरी, ह्यातली मान्सं दुप्पट झाल्यात. प्लंबर दोन-दोन दिसत्यात, येत एकबी न्हाई." मी चाळिशी ओलांडलेली बाई, बाजारातले सगळे मला मॅडम म्हणतात, हे पहिल्याच भेटीत 'पोरी' म्हणून मोकळे. बघितलं तर खरंच, प्रत्येक नाव दोनदा. महाराज नवा नंबर आला की आधी फोनमध्ये टाकायचे, मग लॅपटॉपमध्येही टाकायचे, आणि वर केबल लावून दोन्ही जुळवायचे. मी खेकसले, "भाऊ, एकाच ठिकाणी टाका, दुसरीकडे आपोआप जातं!" तर म्हणतात, "आपोआप गेलं का न्हाई हे मला कोन सांगनार? मी आपलं दोन्हीकडं घालून ठिवतो." माणसांच्या बाबतीत त्यांना धोका पत्करायचाच नव्हता. मी नावं एकत्र करून द्यायची, पुढच्या खेपेला पुन्हा दुप्पट. भांडण ठरलेलं, आणि भांडण झालं की चहा ठरलेला.

दुसरी भानगड माझ्या उशिरा लक्षात आली. भाऊंचा वाढदिवसाचा फोन मला दर वर्षी एक दिवस आधी यायचा. वय झालंय, असं समजून मी 'थँक्यू भाऊ' म्हणायची आणि सोडून द्यायची. मग कळलं की सगळ्यांनाच तो आदल्या दिवशी येतो. खोदकाम केल्यावर चोर सापडला. फोनमध्ये वाढदिवस टाकला की तो आपल्या मध्यरात्री सुरू होणार. त्या वेळी अमेरिकेत आदला दिवस चालू असतो. लॅपटॉप तीच आदली तारीख धरायचा आणि जुळवताना फोनलाही तीच देऊन टाकायचा. मी खुशीत म्हटलं, "सापडलं! आता घड्याळ इंडियावर आणते, सगळं सरळ होईल." भाऊंनी लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवरच मिटलं. "हात लावायचा न्हाई."

मग त्यांनी सुदुंबऱ्याच्या आबांचं सांगितलं. आबा म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ. वडील आजारी होते तेव्हा बंगल्यावर पाहुणे उतरलेले, भाऊ निघाले उशिरा, आणि पोचले तोवर वडील गेले होते. "तुला बंगलेवाल्यांची पार्टी मोठी झाली," एवढं बोलून आबांनी संबंध तोडला. पुढे कित्येक वर्षं जूनच्या एक तारखेला, आबांच्या वाढदिवसाला, भाऊ फोन करायचे. मावळातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख हीच, शाळेत मास्तरांनी घातलेली. त्या दिवशी आबांकडे लेकी-जावई जमायचे, फोन नातवाच्या हातात. "आबा न्हाईत घरी," हे ठरलेलं उत्तर. मग हा लॅपटॉप आला. मे महिन्यात बंगल्यावर पाहुण्यांची रीघ, तारखेची शुद्ध कुणाला? फोननं आठवण करून दिली, भाऊंनी लावला... आणि तो आबांनी स्वतः उचलला. शेतात एकटेच होते.

"मी म्हनलं, आबा, वाढदिवस हाय ना आज. तर म्हनतो, उद्या हाय रं येड्या. मग म्हनला, तब्येत बरी हाय का तुजी?" भाऊंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "उद्याच्याला केला आसता, तर उचलला आसता का त्यानं?" तेव्हापासून वर्षातून एकदाच, आदल्या दिवशी, दोघं भाऊ पोटभर बोलायचे. आबांच्या घरच्यांना पत्ता नाही. मी घड्याळाला हात लावला नाही.

भाऊंच्या नावानं वंदना आणि जेवण झालं, त्या पुण्यानुमोदनाला आबा आले. मागे बसले, कुणाशी न बोलता, न जेवता निघून गेले. मावशी म्हणाली, "ह्यांच्यासंगं ते दारबी मिटलं बघ." मग तिनं आपला फोन माझ्यापुढे धरला. "ह्यांची समदी मान्सं ह्यात घाल." मी घातली. तारखा सरळ करू का, विचारलं. "ह्यांनी ठिवल्यात तशा ऱ्हाऊ देत."

मेच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम मळवलीला गेले. मावशीच्या फोनवर वाढदिवसाची आठवण म्हणून आबांचं नाव उजळलं. जन्मात कधी थोरल्या दिराशी ती फोनवर बोलली नव्हती. "उचलायचं न्हाईत गं," म्हणाली. मी म्हटलं, "न उचलू देत, लावा तर!" तिनं पदर सारखा केला आणि लावला; मी स्पीकर सुरू केला. एक घंटासुद्धा पुरती वाजली नाही. मावशीचं 'हॅलो' ऐकून तिकडून आबा म्हणाले,

"कोन? शांता?" मावशी 'व्हय' म्हणाली. "सकाळधरनं फोन हातात धरून बांधावर बसलोय... म्हनलं, आता कोन करतंय."

मावशीचा हुंदका तिकडे ऐकू गेला असणार. आबाच म्हणाले, "रडू नगं. आन् आयक, उद्या करू नगं. उद्या घरात लय गर्दी आसती. पुढल्या सालीबी आजच कर."

मावशी आत चहा टाकायला गेली. टेबलावर लॅपटॉप होता. मी त्याच्यावरची धूळ पुसली, मावशीचा फोन केबलनं लावून सगळं एकदा जुळवून घेतलं, आणि घड्याळ होतं तसंच ठेवून झाकण मिटलं.